दुसऱ्याच्या घरचं सुतक

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं की सासरी माणसं चारच आहेत. सासू, सासरे, नवरा आणि एक धाकटी नणंद. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत भावंडं, आत्या, आजोबा अशा गर्दीत वाढलेल्या मुलीला चार माणसं म्हणजे निव्वळ चैन वाटली. मी आनंदाने ठाण्यात बाळकुमला आले. आल्यावर कळलं की त्या फ्लॅटमध्ये आणखी एक घराणं राहतं, आणि ते आमच्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे.

ते घराणं एका राष्ट्रीय नेत्याचं होतं. दिल्लीत सरकारं आली-गेली तरी ज्यांची खुर्ची कुणी हलवायला धजत नसे, त्यांपैकी एक. आमच्या घरात त्यांचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. ‘मोठे साहेब’ म्हणायचं. बायको जसं नवऱ्याचं नाव घेत नाही, तसं माझे सासरे साहेबांचं नाव घेत नसत.

सासऱ्यांची आणि मोठ्या साहेबांची भेट आयुष्यात एकदाच झालेली. सासरे ठाण्यात एका सरकारी कार्यालयात नोकरीला होते. तिथल्याच एका सभेनंतर गाडीकडे जाताना साहेब थांबले, सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काय, बरं आहे ना?” उत्तर ऐकायला साहेब थांबले नाहीत. सासरे मात्र उरलेलं सगळं आयुष्य त्या प्रश्नाचं उत्तर देत राहिले.

आता मोठ्या माणसावर प्रेम करायला हरकत नाही. पण प्रेम करावं तर सुखी माणसावर करावं. मोठ्या साहेबांच्या घराण्यावर संकटं अशी कोसळली की एखाद्या नाटककाराने लिहिली असती तर आम्ही डोंबिवलीकरांनी ‘जरा अति होतंय’ म्हणून मध्यंतरात वडा खाऊन घर गाठलं असतं. साहेब दिल्लीत अधिवेशनात असताना इकडे वहिनीसाहेब गेल्या. मग थोरला मुलगा, ज्याला सगळे पुढचा वारस म्हणत होते, तो प्रचाराला जाताना घाटात गाडी कोसळून गेला. मग मुलगी आजारपणात गेली. राहिले कोण, तर धाकटा मुलगा आणि त्या गेलेल्या मुलीचा नवरा, म्हणजे जावई. ज्या घरात रडायला माणसं उरली नव्हती, तिथे भांडायला नेमकी दोन उरली. त्यांनी पक्षाचे दोन तुकडे केले. एक मुलाचा गट, एक जावयाचा गट. दोघांच्याही फ्लेक्सवर मोठ्या साहेबांचा फोटो तोच, मधोमध, आणि बिचारे साहेब दोघांकडेही सारखंच हसून बघत असायचे.

प्रत्येक निवडणुकीत ही दुःखं पेटीतून काढून ऊन दाखवल्यासारखी बाहेर यायची. मुलगा स्टेजवर थोरल्या भावाच्या आठवणीने रडायचा. त्याच संध्याकाळी दुसऱ्या मैदानात जावई बायकोच्या आठवणीने रडायचे. माझे सासरे टीव्हीसमोर दोघांबरोबर रडायचे, पण मत मुलाला द्यायचे. “रक्त ते रक्त,” असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं टीव्हीपुरतं असतं तर मी तक्रार केली नसती. पण सासऱ्यांनी त्या घराण्याच्या पुण्यतिथ्या आमच्या घरात आणल्या. वहिनीसाहेब, थोरला मुलगा, मुलगी. ज्या दिवशी त्यांच्यातलं कुणी गेलं, त्या दिवशी आमच्याकडे गोड शिजायचं नाही, नवी वस्तू यायची नाही, शुभकार्याचं बोलायचं नाही. आणि सासरे शिस्तीचे. तिथीने पाळायचं की तारखेने, असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी, शंका नको म्हणून, दोन्ही पाळायला घेतलं. माझं डोहाळजेवण वहिनीसाहेबांच्या तारखेला आलं. फुलांचे दागिने घातले, ओटी भरली, फोटो काढले, आणि पानात श्रीखंडाच्या जागी मुळ्याची कोशिंबीर. माझी आई डोंबिवलीहून आलेली. ती दोन वेळा पानाकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, यांच्यात असंच असतं का?” मी म्हटलं, “आई, यांच्यात नाही. दिल्लीत.”

मी हसून काढलं, कारण माझा स्वभाव तसा आहे आणि मला गोड फारसं आवडतही नाही. पण नणंदेला हे हसण्यावारी नेता येईना. तिला कल्याणचं एक चांगलं स्थळ आलेलं. मुलाकडचे येणार तो दिवस नेमका थोरल्या मुलाच्या तिथीचा. सासऱ्यांनी त्यांना कळवलं, आठ दिवसांनी या. त्या आठ दिवसांत त्यांनी दुसरी मुलगी पाहिली, आणि ती त्यांना आवडली. सासरे म्हणाले, “योग नव्हता.” त्यानंतर नणंदेने स्थळं पाहायचंच बंद केलं. बँकेत नोकरी करायची, संध्याकाळी येऊन माझ्याशी जगाची टिंगल करायची, आणि रविवारी दार लावून झोपायचं. अशी बरीच वर्षं गेली.

मग तिने स्वतःच एक मुलगा आणला. म्हणजे मुलगा कसला, तिच्याच वयाचा, डोक्यावरचे केस विरळ झालेला गृहस्थ. टिटवाळ्याचा. जहाजावर इंजिनिअर. एकदा गेला की कित्येक महिने पाण्यावर. घरात आनंदीआनंद झाला, आणि एका रविवारी मुलाचे आई-वडील आमच्याकडे आले.

दिवस नणंदेने परस्पर ठरवला होता आणि सासऱ्यांना आयत्या वेळी सांगितला होता; मीही तो मुद्दाम तपासला नव्हता. पेढे मात्र मुद्दाम आणले होते, कारण मला बघायचं होतं काय होतं. ताट पुढे केलं. मुलाच्या वडिलांनी हात आखडता घेतला.

“मला नको.”

“डायबिटीस का?” मी विचारलं.

“छे हो. आज ताईसाहेबांची तिथी.”

सासरे खुर्चीतून अर्धे उठले. “तुम्हीही पाळता?”

“म्हणजे काय! मोठ्या साहेबांची लेक, म्हणजे घरचीच ती.”

पुढची दहा मिनिटं जे झालं, त्याला भरतभेट म्हणता येईल. दोघांनी एकमेकांचे हात धरले. थोरल्या मुलाचा अपघात कुठल्या वळणावर झाला यावर एकमत झालं. वहिनीसाहेबांच्या शेवटच्या दिवसांवर दोघांचे डोळे पाणावले. नणंद माझ्या कानात म्हणाली, “वहिनी, माझं लग्न यांच्याशीच लावा ना, सोपं जाईल.” आणि तेवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, “धाकट्या साहेबांचं भाषण ऐकलंत का परवाचं?”

“त्याचं?” मुलाचे वडील हात सोडवून घेत म्हणाले. “आम्ही जावईबापूंचे.”

मेलेल्यांवर एवढं एकमत झालेली दोन माणसं जिवंतांवरून इतक्या लवकर भांडताना मी पुन्हा पाहिली नाहीत. ‘घरभेदी’ हा शब्द आला. ‘बापाच्या नावावर जगणारा’ हाही आला. मुलाची आई आणि माझी सासू, दोघीही शांतपणे पेढे खात होत्या. नणंद आणि तिचा इंजिनिअर कधीच उठून खाली उसाचा रस प्यायला गेले होते. लग्न मात्र मोडलं नाही, कारण भांडायला इतका चांगला व्याही दोघांनाही दुसरीकडे मिळाला नसता.

साखरपुड्याची तारीख काढताना मजा आली. दोन घरांचे अशुभ दिवस एकच असल्यामुळे कॅलेंडरवर एकदाच काट मारावी लागली. मुलाच्या आईची अट एकच होती: तो बोटीवर जायच्या आधी अंगठी व्हायला हवी, सगळ्यांसमोर, रीतसर, मग लग्न तो परतल्यावर सावकाश. नाक्याजवळचा हॉल घेतला. साखरपुडा सकाळी अकराला, आणि दुसऱ्या दिवशी मुलाचं विमान.

आदल्या दिवशी दुपारी मोठे साहेब गेले.

वय झालेलं होतं, बरेच दिवस आजारी होते, साऱ्या देशाला अंदाज होता. फक्त आमच्या घरात कुणाला नव्हता. सासरे टीव्हीसमोर बसले ते बसलेच. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आयुष्यभर रोज दिसणारा चेहरा नाहीसा झाला की चुकल्यासारखं होतंच. पण त्या पडद्यावर जे चाललं होतं ते बघून माझं दुःख टिकेना. मुलगा दारात उभा होता, जावई फाटकात. अग्नी कोण देणार यावर आधी दोन्ही गटांचे प्रवक्ते बोलले, मग रडले, मग पुन्हा बोलले. आमच्या रस्त्यावर दोन तासांत फ्लेक्स लागले. वाढदिवसाच्या फ्लेक्सना आठवडा लावणाऱ्या त्याच मुलांनी.

मग हॉलच्या मॅनेजरचा फोन आला. “मॅडम, उद्या हॉल बंद. दुखवटा. आमचे मालक पक्षाचे पदाधिकारी आहेत ना.”

“अहो, पण आमचा साखरपुडा!”

“सकाळी शोकसभा आहे. संध्याकाळी चारनंतर हवा असेल तर देतो. पण स्टेजवरचा फोटो आणि बॅनर काढता येणार नाही.”

मी फोन ठेवून हे जसंच्या तसं सांगितलं. नणंद म्हणाली, “म्हणजे मी अंगठी घालून घेणार आणि माझ्या डोक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’?”

“हॉलचं सोड,” सासरे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. “आता साखरपुडा कसला? आपल्याला दहा दिवस सुतक.”

“आपल्याला?” नणंदेने विचारलं.

“मग कुणाला?”

त्यांनी व्याह्यांना फोन लावला. मी तो स्पीकरवर टाकला. डोंबिवलीत इतकी वर्षं तिकीट काढून नाटकं पाहिली, हे फुकट होतं.

“ऐकलंत ना?” सासरे.

“ऐकलं हो. पोरके झालो.” पलीकडून हुंदका.

“तर उद्याचं रद्द. दहा दिवस सुतक, मग तेरावं झालं की बघू.”

“दहा तुमच्या गटाला. आमचे नेते जावई आहेत. जावयाला सासऱ्याचं तीन दिवस. आम्ही चौथ्या दिवशी मोकळे.”

“तीन दिवसांत मोकळे! हीच ती तुमची निष्ठा!”

“तीन तर तीन, पण मनापासून! तुमच्यासारखं दहा दिवस टीव्हीपुढे बसून नव्हे!”

“अहो, पण तुमचा मुलगा परवा जातोय,” मी मध्ये तोंड घातलं. “तीन काय नि दहा काय, दोन्हीत तो समुद्रात.”

दोघेही एकदम म्हणाले, “तो प्रश्न वेगळा.” या एकाच मुद्द्यावर त्या दिवशी दोन्ही गट एकत्र आले. माझा नवरा उठून गॅलरीत गेला आणि फोनवर कुणाशी तरी मोठ्याने बोलायला लागला. पलीकडे कुणीही नव्हतं, याची मला खात्री आहे.

नणंद स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. टिंगल करेल म्हणून मी वाट पाहत होते. तिने केली नाही.

“वहिनी, त्याची आई साधी आहे, पण अंगठीशिवाय ती त्याला जाऊ देणार नाही, आणि गेला तर हे लग्न धरणार नाही. आणि मी एकदा आठ दिवस थांबून बघितलंय. या वेळी पुढे ढकललं ना, तर मी परत कुणालाच हो म्हणणार नाही. मला पुन्हा तशी वाट बघत बसायचं नाहीये.”

“बाबांना सांग ना हे.”

“बाबांना दुःख झालंय,” ती म्हणाली. हे ती टोमणा म्हणून नाही, खरंच म्हणाली; आणि तेच मला सहन होईना.

बाहेर सासूबाई जमिनीवर बसून ओटीचं सामान लावत होत्या. साडी, खण, नारळ, तांदूळ. साखरपुडा रद्द झाल्याचं जणू त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. माझ्या सासूबाई कमी बोलणाऱ्या. इतक्या, की त्या बोलल्या की आम्ही आधी दार वाजलं का ते बघायचो.

“अहो,” त्या साडीची घडी घालत म्हणाल्या, “माझा दादा गेला, तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं होतंत?”

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “आता त्याचं काय मध्येच?”

“मध्येच नाही. सुतकाचंच चाललंय म्हणून आठवलं. तुम्ही म्हणालात, लग्न झालेल्या बहिणीला भावाचं दीड दिवस. ते काल संपलं. आज कार्यकर्ते जेवायला येतायत, साहेबांची सभा आहे, काहीतरी गोड कर.” त्यांनी खणावर नारळ ठेवला. “मी शिरा केला होता. सगळ्यांनी दोनदा घेतला. तुम्हीसुद्धा.”

मी इतकी वर्षं त्या घरात होते. मला हे माहीत नव्हतं. नणंदेच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही नव्हतं. गॅलरीतला फोनही थांबला.

“तेव्हा...” सासरे म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. पडद्यावर कुणीतरी साहेबांच्या आठवणी सांगत होतं. आवाज नव्हता, नुसते ओठ हलत होते.

“माझ्या भावाचं दीड दिवस,” सासूबाई म्हणाल्या, “तर साहेब तुमचे कोण? मला शास्त्रातलं कळत नाही. तुम्हाला कळतं, म्हणून विचारते.”

मी अशा प्रसंगी टाळ्या वाजवणारी बाई आहे. पण त्या वेळी हात उचलला नाही. कारण सासऱ्यांकडे बघितलं तर ते एकदम फार म्हातारे दिसत होते. त्यांच्या खांद्यावर कुणाचाच हात नव्हता.

सासूबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. फोन घेतला आणि टिटवाळ्याला विहीणबाईंना लावला. “हॉल नाही मिळत. घरीच करू. अकराला या.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “आमच्याकडचं मी बघते,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्याकडचं तुम्ही आणा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळी घालून आत येतेय, तर सासरे बाथरूममधून बाहेर आले. तोंड पुसत. गाल गुळगुळीत, कानाजवळ साबणाचा फेस. घरात सुतक असलं की पुरुष दाढी करत नाहीत. आणि साहेबांना जाऊन अजून एक दिवसही झाला नव्हता. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोरची खुर्ची उचलून पाहुण्यांसाठी दाराशी नेऊन ठेवली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि चहा पुढे केला. साखर घातलेला.

अकराला व्याही आले. विहीणबाईंनी त्यांना खरोखर आणलं होतं, दंडाला धरून. गालावर एका दिवसाची पांढरी खुंटं, चेहरा तीन दिवसांच्या हिशेबाने पाडलेला. त्यांनी दारातच माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि थबकले.

“तुम्ही दाढी केलीत?”

“घरात कार्य आहे.”

“अहो, मग काल सांगायचं ना! मी इथे असा येऊन उभा राहिलो! माणसं काय म्हणतील, मुलाचा बाप की कोण?”

“तुमचे तीन दिवस होते ना?”

“तुमचे दहा होते! तुम्ही दहाचे शून्य केलेत आणि मी तीन धरून बसू?”

यानंतर मी जे पाहिलं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आवडतं दृश्य आहे. आमच्या बेसिनपुढे मुलाच्या गटाने जावयाच्या गटाला आपला ब्रश आणि नवं ब्लेड काढून दिलं. टॉवेल गळ्यात अडकवून व्याही आरशात बघत होते आणि सासरे मागे उभे राहून म्हणत होते, “हनुवटीखाली राहिलंय. तिथे नाही हो, डावीकडे.”

“आरशात डावं-उजवं कळतंय कुठे!”

“साहेबांच्या जागी आता कोण येणार, तुमचे जावईबापू?”

“येईल कोणीतरी. बोलायला लावू नका, कापेल.”

कापलंच. मी कापूस दिला. तो लावून ते बाहेर आले तेव्हा इंजिनिअर जावई सोफ्यावर बसून कसंबसं हसू आवरत होता, आणि नणंद गुलाबी पैठणीत त्याच्याकडे न बघता त्याला कोपराने ढोसत होती.

गुरुजी तरुण होते, घाईत होते. रस्त्यात दोन मिरवणुका लागल्या म्हणून वैतागलेले. त्यांनी पाट मांडले, सुपारी ठेवली, आणि सगळीकडे विचारतात तसं सरावाने विचारलं, “दोन्ही घरांत सोयर, सुतक वगैरे काही नाही ना?”

सासूबाईंनी तांदळाच्या ताटातून मान वर केली नाही. नणंदेचा हात हवेत राहिला. मी माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते काय बोलतील याचा मला अंदाज नव्हता.

“नाही, गुरुजी,” ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, “नाही. आमच्या घरातलं कोणी गेलेलं नाही.”

“आणि मुलाकडे?”

व्याह्यांनी हनुवटीवरचा कापूस दाबून धरला. “आमच्याकडेही कोणी नाही. वाटल्यास हिला विचारा.”

विहीणबाईंनी मान हलवली. गुरुजींनी नणंदेला पाटावर बसायची खूण केली, आणि ती बसली.